ढोलाचा पट्टा कोणी कापला?

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं आणि सगळ्यात पुढे असलेली सत्यभामाबाई दारातच थबकली. मागच्या बाया तिच्या पाठीवर आदळल्या. हळदीला चकाकी आणणारा मोठा लोखंडी ढोल आपल्या जागेवर होता, पण त्याला फिरवणारा रबरी पट्टा मोटारीपाशी लोळत पडला होता. झिजून तुटला म्हणावं तर तसंही नव्हतं. कुणीतरी धारदार पात्यानं तो आडवा कापला होता.

वारंगा फाट्यावरून कळमनुरीच्या दिशेनं निघालं की हा कारखाना लागतो. पाटी वाचायची गरज पडत नाही. कुंपण, बाभळी, चहाची टपरी, टपरीखालचं कुत्रं, सगळं पिवळं दिसायला लागलं की समजायचं, आलो. आत ढोल फिरतो, घासलेली हळद समोरच्या उतारावरून घसरत खाली येते आणि खाली रांगेनं बसलेल्या बाया ती निवडतात. ढोल थांबला की सगळंच थांबतं.

आणि तो थांबायला दिवसही नेमका हाच सापडला होता. दुपारी इथंच निवडणी करणाऱ्या जनकाबाईंच्या संघटनेबरोबर मालकाचा पहिला करार व्हायचा होता. ढोलाला जाळी, तोंडाला मास्क, आठ तासांचं काम, बाळंतपणाची रजा. एवढ्यासाठी या बाया उन्हाळाभर फाटकासमोर बसल्या होत्या. कुणी सासूचं ऐकून घेतलं, कुणी नवऱ्याचं, कुणी दोघांचंही. टँकरचं पाणी प्याल्या, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत सरकत सरकत दिवस काढले, पण एकही बाई फितूर होऊन आत गेली नाही. अशी एकजूट भल्याभल्यांना जमत नाही, ती या निवडणीवाल्या बायांनी करून दाखवली होती.

मॅनेजर संपतराव आले, पट्टा पाहिला आणि त्यांनी तपासाचा निकालच लावून टाकला. "हे जनकाबाईचं काम आहे. फाटकावर भाषण कोणी केलं होतं, आमी ठरवलं तर ढोल एक गरका घेणार नाही म्हणून? आणि खंडेनवमीला पूजा झाल्यावर सगळ्यात शेवटी शेडमधून कोण बाहेर पडलं?"

मालक शिवशंकर आप्पा तसे शांत माणूस. पण त्यांनीही पट्टा हातात घेतला आणि त्यांचा आवाज चढला. "ज्यानं हे केलं त्याचं नाव माझ्या हाती पडेस्तोवर सही होणार नाही. दुपारपर्यंत नाव नाही मिळालं तर जनकाबाईवर केस. आणि करारही विसरा."

 जनकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या आपल्या निवडणीच्या जागेवर जाऊन बसल्या. तेवढ्यात संपतरावांनी फोन करून बोलावलेली पोलिसांची जीप बाहेर थांबली.

२

जीपमधून हवालदार मोतीबाई राठोड उतरल्या. तांड्यावर जन्मलेल्या, खाकीत केस पिकलेल्या. गावात त्यांना जमादारीणबाई म्हणत. भांडण असो, बकरी चोरीला जावो, त्या आधी चहा मागवत आणि मग समोरच्याला बोलू देत. एकच गोष्ट त्यांना सोसत नसे, ती म्हणजे मोर्चा. बंदोबस्ताला उन्हात उभं राहून राहून मोर्चा म्हटला की त्यांचे गुडघे आधी दुखत. त्यामुळे संघटना, युनियन, घोषणा या सगळ्यांवर त्यांचा मनातून रागच होता. फौजदारांनी निघताना बजावलं होतं, "त्या बाईला घेऊनच या." मोतीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या ढोलापाशी गेल्या. संपतराव सावलीसारखे मागे होते.

"कुलूप तोडलेलं नाही," संपतराव म्हणाले. "एक किल्ली माझ्याकडं, एक पहारेकरी रामसिंगकडं. नवमीला दुपारी पूजा झाली, शेड बंद झाली, ती आज उघडली. म्हणजे नवमीलाच कापला पट्टा. दुसरं काय?"

"बघू की."

मोतीबाई ढोलाभोवती एक फेरी मारून आल्या. खंडेनवमीला यंत्राची पूजा होते, तशी ती इथंही झाली होती. ढोलाला हळदकुंकू होतं, खाली फोडलेला नारळ होता. झेंडूचा हार मात्र ढोलावर नव्हता. तो बाजूच्या भिंतीवर खिळ्याला नीट टांगलेला होता. फूलही खाली पडलेलं नव्हतं.

"हार इथं कोणी टांगला?"

"काय माहीत. त्यानं काय होणार?" संपतराव म्हणाले. "हे बघा, मोटारीच्या बोर्डातला फ्यूजही नेलाय. भुरटेपणा नुसता."

मोतीबाईंनी बोर्डात डोकावून पाहिलं. फ्यूजची जागा रिकामी होती. मग त्या ढोलाच्या दोन्ही घोड्यांकडे वळल्या. घोड्या म्हणजे ढोलाचा आस ज्यांच्यावर टेकलेला असतो त्या लोखंडी तिवया. डावीकडच्या घोडीचा रंग पार उडालेला होता, हळदीच्या धुळीनं ती पिवळी पडली होती. उजवीकडची घोडी मात्र लालभडक. नवरीच्या एकाच गालाला हळद लावून उठावं, तसं ते दिसत होतं.

"एकच रंगवली?"

"पूजेसाठी. रंग कमी पडला." संपतरावांनी हातातला मोबाइल उगाच चालू केला आणि बंद केला.

मोतीबाईंनी खाली वाकून पट्ट्याचा तुकडा उचलला. गुडघा कुरकुरला. पट्ट्याखाली मोटारीच्या ओट्यावर हिरव्या पानांची एक जोडी चेपून बसली होती. त्यांनी ती नखानं अलगद सोडवली आणि रुमालात घेतली.

"काय सापडलं?" संपतरावांनी मान पुढे काढली.

"पाला," मोतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल खिशात घातला.

३

जनकाबाई निवडणीच्या जागेवरच बसल्या होत्या. उंच, सडपातळ बाई, आवाज मात्र फाटकाबाहेर ऐकू जाईल असा. मोतीबाई त्यांच्याशेजारी पोत्यावर टेकल्या. तिथून मान वर केली की ढोल अगदी डोक्यावर आल्यासारखा वाटत होता.

"नवमीला शेवटी तुमीच बाहेर पडल्या, व्हय?"

"व्हय. पूजा मी करत न्हाई, आमचा धर्म दुसरा. पण पूजेला कारखाना झाडायचा असतो, तो मी झाडते. कारखाना सगळ्यांचाच हाय. झाडू ठेवला अन् निघाले."

"अन् दसऱ्याला?"

"दसऱ्याला आमचा धम्मचक्र दिवस. सकाळपासून कळमनुरीला विहारात होते. वंदना, भाषणं, जेवणाच्या पंगती वाढल्या. अख्ख्या वस्तीनं पाह्यलं मला. पण साहेब म्हणून राहिले नवमीला कापला. मग माझ्या दसऱ्याचा काय उपयोग?"

मोतीबाईंनी खिशावरून हात फिरवला. "तुमाला कोणावर संशय हाय?"

"हाय का न्हाई ते मी सांगणार न्हाई."

"काहून?"

"अंदाजानं कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, हे आमी संघटनेत ठरवलंय. अंदाजानंच माझं नाव घेतलं न आज साहेबांनी? ते मला कसं लागलं ते मलाच ठाऊक."

सत्यभामाबाईला मात्र राहवेना. ती मागून पुढे सरकली. "जनकाआक्का न्हाई सांगत, मी सांगते. भारत फिटर. आमी फाटकावर बसलो तवा ह्याच फाटकात उभं राहून म्हणला, मशीन चालली तर पोट चालतंय, तुमी समद्यांच्या चुली विझवून राहिल्या. संघटनेत या म्हणलं तर पाठ फिरवून गेला. आता करार मोडावा म्हणून त्यानंच कापला असंल. अन् पट्टा कापायला पातं त्याच्याचपाशी असतंय."

बायांमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांचं म्हणणं तेच दिसत होतं. जनकाबाईंनी फक्त हात वर केला आणि कुजबुज बंद पडली. मोतीबाईंना नवल वाटलं. बंदोबस्तात माइक असलेल्या पुढाऱ्यांनाही एवढी शांतता कधी मिळवता आली नव्हती.

"आक्का," मोतीबाई उठता उठता म्हणाल्या, "नाव न्हाई सापडलं तर तुमाला माझ्याबरोबर यावं लागंल. तयारी हाय का?"

"मी जाईन," जनकाबाई म्हणाल्या. "पण करार जाऊ देऊ नका. त्याच्यासाठी ह्या बायांनी काय काय सोसलंय, ते मी पाह्यलंय."

४

फाटकावरच्या खोलीत रामसिंग बसला होता. मोतीबाईंच्याच शेजारच्या तांड्यावरचा, साठी उलटलेला, सरळ माणूस. मोतीबाईंनी चहा मागवला.

"रामसिंगभाऊ, खरं सांगायचं. नवमीची शेड बंद झाली त्यापासून आजपर्यंत कोणी आत आलं?"

"कोणीच न्हाई, बाई."

"कोणीच?"

"माय शपथ. कामाला कोणी येणार? सुट्टी होती." रामसिंग डोळ्यात डोळे घालून बोलत होता. खोटं बोलणारा माणूस मोतीबाईंना बशीतल्या चहावरूनही कळत असे. रामसिंगची बशी हलत नव्हती.

मग कुलूप न तोडता माणूस आत गेला कसा? एक किल्ली रामसिंगकडे, दुसरी संपतरावांकडे. मोतीबाई चहा संपवून पुन्हा शेडकडे निघाल्या. वाटेत भारत भेटला.

भारत तिशीतला, खांद्यानं रुंद, बोलायला कंजूष. सकाळपासून तो कुणाच्या जवळ गेला नव्हता. हळद चाळायच्या छोट्या यंत्रापाशी उभा राहून तो फडक्यानं एकच नट पुसत होता.

"ढोल तूच सांभाळतोस म्हणं."

"आठ-दहा वर्षं झाली."

"पट्टा कापलेला पाहून कसं वाटलं?"

भारतनं नट पुसायचं थांबवलं. "वाईट वाटलं," तो म्हणाला. आणि ते खरं होतं, एवढं मोतीबाईंना दिसलं.

"दुसरा पट्टा न्हाई का इथं?"

"न्हाई. नांदेडहून आणावा लागतो. सणाचं दुकान बंद. चार-दोन दिवस तरी ढोल फिरत न्हाई आता."

"बायांवर तुझा राग हाय म्हणतात."

"मला भांडण आवडत न्हाई, एवढंच."

"बरं, मला हे पट्ट्याचं समजत न्हाई बाबा. कसा चढवतात, कसा उतरवतात, ह्या छोट्या यंत्रावर दाखव की जरा."

भारत पुढे झाला. यंत्र बंदच होतं. तरी तो आधी भिंतीवरच्या बोर्डापाशी गेला, तिथला फ्यूज खटकन काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि मगच पट्ट्याला हात लावला. हे करताना त्याचं बोलणं चालूच होतं, हा पट्टा असा ताणायचा, इथं बोट ठेवायचं नाही, वगैरे. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मोतीबाईंच्या मात्र ध्यानात आलं होतं. त्यांनी त्याच्या खिशाकडे पाहिलं आणि नुसतं म्हटलं, "शाब्बास. चांगलं दाखवलंस."

५

त्या परत रामसिंगकडे गेल्या. या वेळी त्यांनी प्रश्न फिरवला.

"रामसिंगभाऊ, काल तुला सोनं द्यायला कोण कोण आलं?"

रामसिंगचा चेहरा खुलला. "ते व्हय. ते आले की. संपतरावसाहेब आले, हाफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोला पानं वाहिली अन् गेले. सत्यभामा आली, तिनं निवडणीच्या चाळणीवर पानं ठेवली, मला दिली. भारतही आला, नवा सदरा घालून."

"अन् भारतनं सोनं कुणाला दिलं?"

"ढोलाला. दरसाल देतो त्यो. आधी ढोलाला, मग मला, मग घरच्यांना. मीच दार उघडून देतो."

"मघाशी म्हणालास कोणीच आलं न्हाई."

रामसिंग गोंधळला. "कामाला कोणी आलं न्हाई, बाई. सोनं द्यायला आल्यालं माणूस येण्यात धरायचं असतंय का?"

मोतीबाईंना हसू आलं. शपथ खरी होती आणि उत्तर चुकीचं होतं. दसऱ्याला दार उघडं ठेवणाऱ्या माणसाकडून दुसरी कसली चूक होणार?

"आत कोण किती वेळ होतं?"

"साहेब हाफिसातूनच गेले, शेडमधी आले न्हाईत. सत्यभामा गेली तवा ढोल, पट्टा समदं जागेवर होतं, मीच दार लावलं तिच्या मागं. भारत शेवटी आला. थोडा वेळ लागला त्याला. बाहेर आला तवा डोळे लाल होते. म्हणलं धूळ गेली असंल."

मोतीबाईंचा दुसरा चहा थंड झाला होता. कोणी कापला हे आता त्यांना ठाऊक होतं. पण एक गोष्ट बसत नव्हती. दरवर्षी ज्याला सोनं वाहायचं, त्याच ढोलाचा पट्टा हा माणूस रडत रडत का कापेल? करार मोडायचा असता तर रडला कशाला असता?

त्या विचार करत बसल्या आणि मग एकदम उठल्या. लालभडक घोडी त्यांना आठवली होती. त्यांनी रामसिंगला सांगितलं, "आप्पांना म्हणावं, सगळ्यांना ढोलापाशी बोलवा. झाडून सगळ्यांना. अन् एखादा मोठा खिळा दे मला."

६

बाया रांगेनं बसल्या. आप्पा खुर्चीवर, संपतराव त्यांच्या मागे, भारत दाराजवळ. बाहेर जीपचा ड्रायव्हर इंजिन चालू करून तयार होता.

"आधी कधी ते बघू," मोतीबाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल उघडला. "ही आपट्याची पानं. पट्ट्याच्या खाली चेपलेली सापडली. साहेब म्हणतात पट्टा नवमीला कापला. तसं असतं तर पानं पट्ट्याच्या वर असती. ती खाली होती. म्हणजे आधी कुणीतरी सोनं वाहिलं, मग पट्टा पडला. अन् सोनं दसऱ्याला वाहतात, नवमीला न्हाई. दसऱ्याच्या दिवशी जनकाबाई कळमनुरीला विहारात पंगती वाढत होत्या. त्यांना ह्यातून बाजूला काढा."

बायांमधून एक मोठा श्वास सुटला. जनकाबाई मात्र हलल्या नाहीत.

"आता काहून ते बघू. ज्यानं पट्टा कापला त्यानं ढोलाचा हार आधी काढला. तोडून फेकला न्हाई. नीट खिळ्याला टांगला. ह्या माणसाच्या मनात ढोलाचा राग न्हाई, उलट माया हाय. मग माया असलेला माणूस पट्टा कशाला कापंल? ढोल फिरू नये म्हणून. अन् ढोल फिरू काहून नये?"

त्या उजव्या घोडीपाशी गेल्या आणि त्यांनी खिळ्यानं लाल रंग खरवडला. रंगाखालून लांबी निघाली. दार-खिडक्यांच्या भोकांत भरतात तीच. लांबीचा पोपडा गळून पडला आणि लोखंडात बोट जाईल एवढी भेग उघडी पडली. ती घोडीच्या पायापासून पार आसापर्यंत गेलेली होती.

 सगळ्यांची नजर भेगेवरून ढोलावर गेली, ढोलावरून उतारावर, आणि उताराखालच्या आपल्याच रांगेवर. घोडी मोडली असती तर भरलेला ढोल कुठं आला असता, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सत्यभामाबाईनं बसल्या जागेवरून पाय मागे ओढून घेतले.

"संपतराव," आप्पा हळूच म्हणाले.

संपतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "दिवाळीची मागणी होती आप्पा. ढोल बंद ठेवला तर मागणी हुकली असती. आणि करार व्हायच्या आधी ही भेग यांना दिसली असती तर यांनी अजून काय काय मागितलं असतं. म्हटलं, दिवाळीनंतर दुरुस्त करू. एवढ्यात काही होत नाही असं वाटलं."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते मोतीबाईंना म्हणाले, "आणि पट्टा? तो कोणी कापला?"

"तेही सांगते. चोर हळद नेईल, मोटार नेईल, नुसता फ्यूज कशाला नेईल? पट्ट्याला हात लावायच्या आधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, म्हणजे चुकून कोणी बटण दाबलं तरी हात जात न्हाई, अशी इथं एका माणसाची सवय हाय. बंद यंत्रालाही तो तसंच करतो. काल तो फ्यूज त्याच्या खिशातून त्याच्या घरी गेला."

आता ओळखायला काही उरलं नव्हतं. त्या शेडमध्ये रोज काम करणारी प्रत्येक बाई ही सवय ओळखून होती. मोतीबाईंनी रांगेकडे पाहिलं. एवढ्या बाया, पण एकीनंही दाराकडे मान वळवली नाही. सकाळी ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्याकडे सत्यभामाबाईनं तिरका डोळासुद्धा केला नाही. ती आपल्या पिवळ्या हातांकडे बघत बसली होती.  इतकी वर्षं आपण या लोकांकडे पाठ करून बंदोबस्त केला, असं मोतीबाईंना वाटलं.

"नाव बोला," आप्पा म्हणाले. "मी शब्द दिला होता. नाव मिळालं की सही."

जनकाबाई उठून उभ्या राहिल्या. "आप्पा, आमी नाव देणार न्हाई. जमादारीणबाईंनीही देऊ नये. कुणाचं तरी नाव विकून आमाला करार नको."

"अहो, नाव नाही तर करारही नाही."

"असू द्या."

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. "फ्यूज माझ्या घरी हाय. खुंटीवरच्या सदऱ्यात."

७

भारत पुढे आला. बोलायची सवय नसल्यानं त्याचे शब्द अडखळत होते.

"भेग मी आधी पाह्यली. साहेबांना सांगितलं. ते म्हणले, तूच फिटर हाईस, भेग पडली तर तुझीच चूक, तुझीच नोकरी जाईल. मग त्यांनी स्वतः उभं राहून रंग लावून घेतला. आज सकाळी ढोल भरून चालवायचा हुकूम होता. बायांना सांगावं तर मी त्यांना फाटकात नको ते बोललेलो. कुठल्या तोंडानं जाऊ? पट्टा नसला तर ढोल फिरणार न्हाई, एवढंच सुचलं. जनकाबाईवर येईल हे डोक्यातच आलं न्हाई. सकाळपासून बोलायचं म्हणून राहिलो, अन् तोंड उघडंना."

"मला का नाही सांगितलंस?" आप्पा म्हणाले.

"तुमच्यापर्यंत यायचं तर साहेबांच्याच दारातून यावं लागतंय, आप्पा."

आप्पा उठले. उताराखाली रांगेत जिथं जनकाबाई बसत, तिथं जाऊन त्यांनी मान वर करून ढोलाकडे पाहिलं. कारखाना त्यांचा होता, पण या जागेवरून त्यांनी तो कधी पाहिला नसावा.  परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"संपतराव, तुम्ही उद्यापासून येऊ नका. जमादारीणबाई, कारखान्याची तक्रार मी मागं घेतो. जनकाबाई, करार आणा. सही करतो." ते थांबले. "पण भारतला मला ठेवता येणार नाही. त्याचा हेतू चांगला होता, मान्य. तरी उद्या कोणीही उठेल आणि कारण सांगून पट्टा कापेल. कारखाना असा चालत नाही."

करार आणायला निघालेल्या जनकाबाई तिथंच थांबल्या. सहीचा कागद त्यांच्या पिशवीत होता. उन्हाळाभर ज्याची वाट पाहिली तो क्षण एका हाताच्या अंतरावर होता, आणि भारत त्यांच्या संघटनेचा सभासदही नव्हता.

"मग सही राहू द्या," त्या म्हणाल्या.

आप्पांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी बायांकडे पाहिलं. सत्यभामाबाई उठली आणि जनकाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. घोषणा नव्हती, हात वर नव्हते. नुसत्या उभ्या राहिल्या.

"पट्टा कापायची वेळ कशानं आली, आप्पा?" जनकाबाई म्हणाल्या. "बोलायला जागा नव्हती म्हणून. बोलता आलं असतं तर पट्टा शाबूत असता. एक कलम वाढवा. यंत्रात धोका दिसला तर कुणीही, बाई असो का गडी, संघटनेचा असो का नसो, ढोल थांबवायला सांगू शकंल. तो थांबवावा लागंल. अन् थांबवणाऱ्याला कुणी शिक्षा करणार न्हाई. भारतपासून सुरुवात करा. मग उद्या कुणाला पातं उचलावं लागणार न्हाई."

 आप्पांनी खिशातलं पेन काढलं. "तुम्हीच लिहा ते कलम," ते म्हणाले. "मला असं नीट मांडता येणार नाही."

दुपार कलली तेव्हा करारावर सह्या झाल्या होत्या. जीप मोकळीच परत जाणार होती. मोतीबाई निघाल्या तेव्हा बाहेर बाभळीखाली संघटनेची बैठक भरत होती. भारत लांब कुंपणापाशी उभा होता, जावं की थांबावं अशा विचारात. जनकाबाईंनी त्याला हाक मारली.

"भारत, तिथं काहून उभा? ये, बस."

"मी काय संघटनेचा हाय का?"

"न्हाईस. पण भांडायचं असलं तर फाटकात उभं राहून भांडू नको. इथं येऊन भांड."

भारत आला आणि सगळ्यात मागे, पायाच्या टाचांवर बसला. जनकाबाईंनी नवं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला.

"ह्यात चूक हाय."

सगळ्या वळल्या.

"ह्यात नुसता ढोल धरलाय," भारत म्हणाला. "चाळणीचं यंत्र न्हाई, दळणाची चक्की न्हाई. तिथल्या माणसांना हात न्हाईत का?"

 मग सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि तिच्यामागे सगळ्या बाया. जनकाबाई हसत हसत म्हणाल्या, "लिहा गं बायांनो. सभासद न्हाई झाला अजून, तर पह्यली हरकत घेऊन बसला."

मोतीबाई जीपपाशी पोचल्या होत्या. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं. त्या चढल्या नाहीत. "थांब जरा," त्या म्हणाल्या, "बैठक ऐकू दे." आणि गुडघा चोळत त्या टपरीच्या बाकावर बसल्या.